दोन पोटांचा बी

एरवी आमच्या इमारतीच्या सभेला गणसंख्या भरत नाही. त्या रविवारी मात्र सभागृहातल्या खुर्च्या संपल्या, बाकं संपली, आणि उशिरा आलेली मंडळी खिडकीच्या कठड्यावर चढून बसली. समोरच्या पडद्यावर घड्याळाच्या तबकडीसारखा एक गोल उमटला होता. त्यातला काटा थरथरत होता, आणि सगळ्यांच्या नजरा त्या काट्याला चिकटल्या होत्या.

"चार!" पडद्याशेजारी उभा असलेला गृहस्थ म्हणाला. "मंडळी, तुमच्या नेटचा वेग फक्त चार एमबी. यात कंपनीचा दोष नाही, तारेचा दोष नाही. तुमच्या लहरी तुंबल्यात. फ्रिजच्या लहरी, मिक्सरच्या लहरी, शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या लहरी, सगळ्या एकमेकींच्या पायात पाय घालतायत. नळ तुंबला तर आपण प्लंबर बोलावतो. लहरी तुंबल्या तर कोणाला बोलावणार?"

कोणाला बोलवायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने मखमली पिशवीतून बशीएवढी तांब्याची चकती काढली, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि सभागृहाच्या राउटरखाली अलगद सरकवली.

"हे लहरचक्र. आता कृपा करून सगळ्यांनी आपापले मोबाइल बंद करून खिशात ठेवा. तुमच्या लहरी मध्ये आल्या तर चक्र बिथरतं."

सगळ्यांनी मुकाट्याने मोबाइल बंद केले. तो लॅपटॉपवर वाकला. "संग्रहण... स्पंदन... शुद्धी..." असं पुटपुटत त्याने चार-दोन बटणं दाबली. काटा हलला, चढला, चढतच राहिला.

"बत्तीस!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ताडकन उभे राहिले. "चार आठे बत्तीस! बरोब्बर आठपट!" असं त्यांनी आनंदाने जाहीर केलं. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंनी तोंडात बोट घातलं.

सगळ्यात मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर एक शहाणं हसू ठेवून उभा होतो तो मी. मी तिथे गेलो होतो त्याला उघडा पाडायला.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी मुद्रितशोधक आहे. इतरांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासून पोट भरतो. शिवाय आमच्या भागातल्या विवेक मंडळाचा कार्यवाह आहे. हवेतून अंगठी काढणं, पाण्यावर दिवा पेटवणं, मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू आणणं, या सगळ्यांमागची युक्ती मी शाळाशाळांत जाऊन करून दाखवली आहे. दाढी, कफनी, विभूती, यांतलं काही दिसलं की माझे कान लगेच टवकारतात.

अडचण अशी की या माणसाकडे यांतलं काहीच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात लाल ठिपका पाडणारी काडी. तो देव म्हणाला नाही, कृपा म्हणाला नाही. तो म्हणाला, वारंवारता. तो म्हणाला, व्यतिकरण. असले शब्द ऐकले की माझ्या मनातला विवेकवादी आपली जागा सोडून उठतो आणि वक्त्याला खुर्ची देतो.

तरीही मी त्याची चूक पकडलीच. त्याच्या फलकावर ‘लहरतज्ञ’ लिहिलं होतं. आता ‘तज्ज्ञ’ या शब्दात ज्ञ च्या आधी अर्धा ज येतो, हे किती जणांना ठाऊक असतं? कार्यक्रम संपल्यावर मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो आणि त्याला ते खडसावून सांगितलं. त्याने हात जोडले. "सर, एवढी बारीक नजर हजारांत एखाद्याची. तुमच्यासारख्यांनी तपासल्याशिवाय मी पुढे जाणारच नाही. तुमच्या घरी येऊ का? तुम्ही स्वतः तपासा."

आणि मी विरघळलो. लोणीसुद्धा याहून जास्त वेळ घेतं.

पण नुसत्या स्तुतीने मी पाघळलो असं म्हणणं माझ्यावर थोडा अन्याय होईल. मला नेट खरोखरच सुधारायला हवं होतं. त्याचं कारण अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना इंग्रजी मुळाक्षरं गिरवायला शिकवून ते निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द मात्र हरवले. म्हणजे त्यांना कळतं सगळं. पाणी हवं असतं, पाणी म्हणजे काय ते ठाऊक असतं, पण ओठांवर ‘पाणी’ येत नाही. कधी ‘दार’ येतं, कधी काहीच येत नाही. सगळं आयुष्य दुसऱ्यांना अक्षरं देण्यात गेलेला माणूस स्वतःच्या अक्षरांसाठी तोंड उघडून बसतो, ते बघवत नाही.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपीच्या मॅडम दुसऱ्या शहरात राहतात. आठवड्यातून काही वेळा त्या लॅपटॉपवर अण्णांना भेटायच्या. ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे टेकवायची हे स्वतःच्या तोंडाने दाखवायच्या, आणि अण्णा आरशात बघावं तसं त्यांचं बघून करायचे. "हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात," त्यांनी आम्हाला बजावलं होतं. "आत्ता जे परत येईल, ते नंतर येईलच असं नाही. काही झालं तरी सराव थांबवू नका."

पण नेमकं अण्णांचे ओठ जुळत आले की मॅडमचा चेहरा पडद्यावर गोठायचा. तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. आवाज तुटायचा. मग काही वेळाने त्या भराभर बोलू लागायच्या आणि अण्णा मागेच राहायचे. मला आणि बायकोला कळायचं की नेट अडकलंय. अण्णांना मात्र वाटायचं, थांबलं ते आपलंच डोकं. ते कपाळावर बोट आपटायचे, नकारार्थी मान हलवायचे आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकायचे.

म्हणून लहरतज्ज्ञ आमच्या घरी आला. आमचा राउटर बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाटात असतो. तो तिथे ठेवण्याची कल्पना माझी. त्याचे मिचमिचे दिवे आणि लोंबकळणाऱ्या तारा मला डोळ्यांसमोर नको होत्या. कपाट बघून लहरतज्ज्ञ खूश झाला.

"वा! सर, तुम्ही नकळत फार मोठं काम केलंय. कपाट बंद ठेवा. लहरी बाहेर सांडत नाहीत, आत मुरतात."

"लोणच्यासारख्या?" बायकोने विचारलं.

"अगदी बरोबर, ताई!" त्याला उपहास लागू पडत नसावा.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

अण्णा खुर्चीत बसून सगळं बघत होते. कपाटाचं दार उघडून, राउटरला चिकटून बसून त्याने आपल्या लॅपटॉपवर मोजणी केली. चार. मग चकती, मग मोबाइल बंद, मग संग्रहण-स्पंदन-शुद्धी. बत्तीस. चमत्काराचा पुरावा ठेवायचा ही विवेक मंडळाची शिस्त, म्हणून दोन्ही वेळा मी पडद्याचे फोटो काढले. मोबाइल बंद करायला सांगितल्यामुळे त्यासाठी खास जुना कॅमेरा शोधून आणला होता. चकतीची किंमत मी इथे सांगणार नाही. ती बायकोलासुद्धा खरी सांगितलेली नाही.

त्याच दिवशी मी इमारतीच्या सूचनाफलकावर कागद लावला. सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखनाच्या नियमांनुसार: ‘आमच्या घरी प्रत्यक्ष पडताळणी. आधी ४ एमबी. नंतर ३२ एमबी. कार्यवाह, विवेक मंडळ.’ फलकावर इंग्रजी अक्षर चालणार नाही, असा माझाच जुना आग्रह. मराठी इमारतीत मराठी लिपी हवी, यावरून मी कितीदा भांडलो आहे. त्या कागदानंतर इमारतीत चकत्या हातोहात खपल्या. प्रत्येक घरात वेग वाढला, आणि प्रत्येक घरात तो बरोब्बर आठपटच वाढला. म्हाताऱ्याला, तरुणाला, तापाला, खोकल्याला सारखाच गुण देणारं औषध दिसलं तर शाळेतल्या मुलांनीही शंका घ्यावी, असं मी माझ्या व्याख्यानात सांगत असतो. व्याख्यान चांगलं असतं, लोक सांगतात.

अण्णांना उभारी यावी म्हणून ते दोन्ही फोटो मी त्यांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कायमचे लावून ठेवले. "बघा अण्णा, केवढं धावतंय आता! आता तुमचीच पाळी!"

पुढच्या वेळी मॅडम आल्या. ‘प’ वर त्यांचे ओठ मिटले आणि पडद्यावर तसेच गोठले.

त्याच्या पुढच्या वेळीही तेच झालं. आता मात्र घरात एक नवीन गोष्ट घडली. आधी निदान नेटला शिव्या देता यायच्या. आता नेट तर आठपट झालं होतं, मीच तसं लिहून फलकावर लावलं होतं. मग अडतंय ते कुठे? मी अण्णांकडे पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी लॅपटॉपसमोर बसायचं सोडलं. मॅडमची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तो एक कटाक्ष मी परत घेऊ शकत नाही.

मी लहरतज्ज्ञाला फोन केला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग दुःखाने सुस्कारा सोडला.

"सर, यंत्राची शुद्धी झाली. आता उरतो माणूस. मेंदूच्याही लहरी तुंबतात. त्यांच्यासाठी मोठं चक्र लागतं, उशीखाली ठेवायचं. आणि एक पथ्य. तोपर्यंत ते बोलण्याचे धडे पूर्ण बंद. पडद्याच्या लहरी आणि चक्राच्या लहरी एकमेकींना छेदतात."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "थोडे दिवस बंद ठेवून बघूया का?"

माझी बायको सहसा आवाज चढवत नाही. ती मला पदाने हाक मारते तेव्हा मला भीती वाटते. "अहो, कार्यवाह साहेब," ती म्हणाली, "कुणी तुम्हाला म्हणालं असतं की औषध बंद करा आणि अंगारा लावा, तर तुम्ही काय केलं असतंत?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? अंगारा तांब्याचा नसतो, एवढंच ना?"

मी म्हणालो की शनिवारपर्यंत विचार करू. शनिवारी सभागृहात लहरतज्ज्ञाचं मेंदूशुद्धीचं शिबिर होतं आणि मी, लाज सोडून सांगतो, अण्णांचं नाव नोंदवून आलो होतो.

त्या आठवड्यात अण्णा एक शब्द बोलू लागले. एकच. लॅपटॉप उघडा दिसला की पडद्याकडे बोट करून म्हणायचे, "बी."

"बी?"

"बी. मोठं... बी." मग बोट दुसरीकडे सरकायचं. "लहान बी."

नवीन शब्द आला म्हणून घरात आनंदीआनंद झाला. मी शब्दांचा माणूस. लगेच अर्थ लावला. मोठी बी, लहान बी, म्हणजे फळ. मोठ्या बिया आणि लहान बिया एकाच फळात कुठे असतात? कलिंगडात! काळ्या मोठ्या, पांढऱ्या लहान. अण्णांना कलिंगड खावंसं वाटतंय! मी बाजारात जाऊन चांगलं वाजवून वाजवून कलिंगड आणलं, फोडी केल्या आणि एकूण एक बी सुरीच्या टोकाने काढली. घशात अडकायला नको.

बशी समोर ठेवली. अण्णांनी फोडींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शाळेत सगळ्यात शेवटच्या बाकावरचा मुलगा उत्तर द्यायला उभा राहिला की शिक्षक बघतात, तसं.

"बी!" ते ओरडले.

"काढल्या सगळ्या, अण्णा. एकही नाही."

"बी! बी!"

"अगं, यांना बियांसकट हवंय वाटतं," मी बायकोला म्हणालो आणि कचऱ्याच्या डब्यातून बिया वेचून धुवायला निघालो. हो, खरंच निघालो होतो.

"थांबा जरा," बायको म्हणाली. ती अण्णांशेजारी बसली. "अण्णा, घाई नाही. दाखवा मला."

अण्णांनी बशीतल्या लाल पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलावर एक उभी रेघ ओढली. रेघेला वर एक पोट काढलं, खाली एक पोट काढलं. अक्षर वळणदार आलं, बोट जरासुद्धा थरथरलं नाही. शेजारी दुसरी उभी रेघ. तिला खाली एकच पोट. मग त्यांनी पडद्यावरच्या पहिल्या फोटोवर बोट ठेवलं, चाराच्या शेजारी. "मोठं बी." दुसऱ्या फोटोवर, बत्तिसाच्या शेजारी. "लहान बी."

मी चष्मा पुसून वाकलो. चाराच्या शेजारी इंग्रजीत एम होता आणि बी होता. बत्तिसाच्या शेजारीही एम होता आणि बी होता. पहिल्या बीला दोन पोटं होती. दुसऱ्याला एक.

मी इतके दिवस तो फोटो पाहत होतो. ऱ्हस्व की दीर्घ यावर मी लेखकांशी अबोला धरला आहे. आणि इथे लहान की मोठा, हे मला दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी मी ते पुसूनच टाकलं असतं म्हणा, कारण आपल्या लिपीत लहान बी आणि मोठा बी नसतोच. दोघांनाही मी अभिमानाने ‘एमबी’ लिहिलं आणि चोराच्या पायांचे ठसे स्वतःच्या हाताने झाडून काढले.

पुढचं शोधायला फार वेळ लागला नाही. माहिती मोजायचं सगळ्यात लहान माप म्हणजे बिट. आठ बिट मिळून एक बाइट. लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. दर सेकंदाला चार मेगाबाइट आणि दर सेकंदाला बत्तीस मेगाबिट हा एकच वेग आहे, तसूभरही कमी-जास्त नाही. वेग मोजणाऱ्या त्या साध्या प्रोग्रॅममध्ये कोणत्या मापात आकडा दाखवायचा ते निवडायचं एक बटण असतं. संग्रहण-स्पंदन-शुद्धी म्हणजे ते बटण. आणि मोबाइल खिशात का? दुसरं कोणी त्याच वेळी मोजू नये म्हणून.

"मग मॅडम अडकतात कशामुळे?" बायकोने विचारलं. "चार काय, बत्तीस काय, वेग तर भरपूर आहे."

खरा प्रश्न तो होता आणि तो मी आजवर विचारलाच नव्हता. आता आम्ही जे करायला हवं होतं ते केलं. चकती बाहेर काढली. लॅपटॉप घेऊन राउटरच्या शेजारी बसून मोजलं. वेग उत्तम. कपाटाचं दार बंद करून मोजलं. काटा धाडकन खाली. अण्णांच्या खोलीत जाऊन मोजलं. काटा जवळजवळ जागचा हललाच नाही. कपाट लोखंडी. वाय-फायला लोखंडी पत्र्यातून बाहेर पडता येत नाही. लहरी आत मुरत होत्या, एवढं मात्र लहरतज्ज्ञ खरं बोलला होता.

म्हणजे माझ्या बापाचं बोलणं माझ्याच कपाटात अडकलं होतं. दिवे डोळ्यांना खुपतात म्हणून. मी तिथेच जमिनीवर बसलो. बायकोने राउटर उचलला आणि अण्णांच्या खोलीच्या दाराजवळ उघड्या फळीवर ठेवला. मग मोजलं, आणि काटा चढला.

शनिवारी आम्ही तिघं शिबिराला गेलो. सभागृह पुन्हा गच्च भरलेलं. फलकावर ‘लहरतज्ज्ञ’ आता बिनचूक होतं, माझी कृपा. शिवणवाल्या ताई डोकेदुखीसाठी आल्या होत्या, दातांचे डॉक्टर झोपेसाठी. लहरतज्ज्ञ मोठी चकती मखमलीतून काढतच होता, तेवढ्यात मी उभा राहिलो. या माणसाच्या खरेपणाची हमी भिंतीवर माझ्याच सहीने लटकत होती.

"सर, सुरुवातीला मी एक नवं चक्र दाखवू का?"

त्याला वाटलं मी कौतुक करणार. "अवश्य! हेच ते आपले बारीक नजरेचे सर!"

मी पिशवीतून कलिंगडाची साल काढली.

"मंडळी, हे फलचक्र," मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो. "तांबं एकाच धातूचं असतं. यात हिरवी लहर, पांढरी लहर आणि लाल लहर असा त्रिवेणी संगम आहे. मोबाइल खिशात ठेवा, साल बिथरते." आमचा लॅपटॉप पडद्याला जोडून आधी चार दाखवलं. साल राउटरखाली सारली, लॅपटॉपवर वाकलो, पुटपुटलो, "आंबट... गोड... तुरट..." काटा चढला. बत्तीस.

मग दातांचे डॉक्टर अधीर होऊन म्हणाले, "ही साल किती दिवस टिकते?"

मी त्यांना हसलो नाही. हसायचा हक्क मी गमावून बसलो होतो. मी अण्णांकडे पाहिलं. ते बायकोचा हात धरून उठले, पडद्यापर्यंत सावकाश गेले आणि बत्तिसाच्या शेजारच्या अक्षरावर बोट टेकवलं. मी मापाचं ते बटण पुन्हा दाबून पडद्यावर चार आणलं. त्यांनी तिथेही बोट टेकवलं.

"दोन... पोटं," अण्णा म्हणाले. मग पुन्हा बत्तिसावर. "एक."

मग मी माप समजावून सांगितलं, आणि मोबाइल खिशातून काढून प्रत्येकाने स्वतः मोजावं अशी विनंती केली. साल काढून मोजा, चकती काढून मोजा, काहीही न ठेवता मोजा. सभागृहभर बोटं चालू लागली आणि जागोजाग "अरेच्चा!" ऐकू येऊ लागलं.

लहरतज्ज्ञाचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "मी खोटं काय बोललो? चार म्हणालो, चारच होते. बत्तीस म्हणालो, बत्तीसच आहेत!"

"वा रे वा!" शिवणवाल्या ताई उठल्या. "मी गिऱ्हाइकाचं कापड आधी मीटरमध्ये मोजलं, मग तेच इंचात मोजलं आणि म्हटलं, बघा, केवढं वाढलं! तर गिऱ्हाईक माझीच कात्री घेऊन माझ्या मागे लागेल!"

सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्या लोकांना लहरी विकता येत नाहीत. त्याने चकत्या गोळा केल्या, मखमल काखोटीला मारली आणि लोक घेरायच्या आत बाजूच्या दाराने सटकला. मी सूचनाफलकावरचा माझा कागद काढला आणि तिथे दुसरा लावला. त्यात लिहिलं, की आधीची पडताळणी खोटी होती, ती करणारा गाढव होता, आणि त्याची सही खाली आहे.

आता वाचकांना हात जोडून सांगतो, कारण मी सांगण्याच्या लायकीचा उरलो आहे तो फक्त स्वतः फसल्यामुळे. भोंदू ओळखायला कपडे बघू नका, शब्द तर मुळीच बघू नका. कोणी आकडा दाखवला तर तो कशाचा आहे ते विचारा. आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच मापाने मोजला का, ते विचारा. तो आपल्याला मोजू देत नसेल, तर तिथून उठा. चालू असलेले उपचार बंद करायला सांगत असेल, तर त्यालाही उठवा. आणि आपलं माणूस अडखळलं, तर त्याच्याकडे संशयाने बघण्याआधी घरातलं कपाट उघडून बघा.

शिबिरानंतर मॅडमची वेळ झाली तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. बायकोने त्यांना हाताला धरून उठवलं. मी म्हणालो, "अण्णा, अडकत होतं ते नेट होतं. ते मी कपाटात कोंडलं होतं. चूक माझी होती, तुमची नव्हती." त्यांनी दाराजवळच्या राउटरकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले.

मॅडम पडद्यावर आल्या. "अण्णा, आज मी काहीच सांगणार नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा."

अण्णांनी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. काहीच आलं नाही. पडद्यावर मॅडमचा चेहरा स्थिर होता. मी राउटर बघायला उठणार, तेवढ्यात मॅडमची पापणी लवली. त्या गोठल्या नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या. अण्णांनीही ती लवलेली पापणी पाहिली. त्यांचे खांदे सैल झाले, आणि ते एकेक शब्द पुढे ढकलत म्हणाले, "माझा... आवाज... येतोय... का?"

मॅडम पडद्याच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "येतोय, अण्णा. अगदी स्वच्छ येतोय."